अंगावरचे मांस आणि किडनीचा आकडा

पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली आता बऱ्याच ठिकाणी आणखी एक ओळ छापलेली असते: ईजीएफआर. तिच्यापुढे ९२, ७८ किंवा ५४ असा आकडा असतो आणि तो साठच्या वर दिसला की घरच्यांना हायसे वाटते. वाचणाऱ्याची समजूत अशी असते की लॅबने किडनीचे काम मोजले आणि हे उत्तर आले. प्रत्यक्षात लॅबने मोजलेले असते ते फक्त रक्तातले क्रिएटिनिन. पुढचे काम एक समीकरण करते, आणि ते करताना माणसाचे वय व लिंग पाहून त्याच्या अंगावर स्नायू किती असतील हे गृहीत धरते. हे गृहीतक चुकले की किडनीचा आकडाही चुकतो. तो कोणाच्या बाबतीत चुकतो, कोणत्या दिशेने चुकतो आणि आपल्याकडे ही चूक अनेकदा खोटा दिलासा का देते, हे या प्रकरणात पाहू.

क्रिएटिनिन किडनीत तयार होत नाही, ते स्नायूंत तयार होते. शरीरातले सुमारे ९५ टक्के क्रिएटीन स्नायूंमध्ये असते. ते यकृतात बनून रक्तावाटे स्नायूंत पोहोचते आणि तिथे ऊर्जेचा तातडीचा साठा म्हणून वापरले जाते. या साठ्यातला दोन टक्क्यांच्या जवळपास भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो. शरीराला या क्रिएटिनिनचा काही उपयोग नसतो. ते रक्तात उतरते, किडनीच्या सूक्ष्म गाळण्यांतून गाळले जाते आणि लघवीतून बाहेर पडते. हौदात नळाने पाणी येत असावे आणि मोरीने जात असावे, तसा हा हिशेब आहे. पाण्याची पातळी मोरी किती मोकळी आहे यावर ठरते, तशीच नळ किती सोडला आहे यावरही ठरते. किडनी ही मोरी, स्नायू हा नळ. रक्ततपासणीत आपल्याला फक्त पातळी दिसते. पातळी कमी दिसली तर मोरी मोकळी असू शकते, किंवा नळच बारीक असू शकतो. दोन्हींत रिपोर्टवरचा आकडा सारखाच दिसतो.

किडनीचे काम ज्या मापाने सांगतात ते म्हणजे गाळण्याचा वेग, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून दर मिनिटाला किती मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात ते. निरोगी तरुण माणसात तो १०० ते १२० च्या आसपास असतो, म्हणजे दिवसाला दीडशे लिटरांच्या आसपास. हा वेग खरोखर मोजण्याच्या पद्धती आहेत. इन्युलिन किंवा आयोहेक्सॉल यांसारखा पदार्थ शिरेतून द्यायचा आणि तो किती वेगाने नाहीसा होतो ते पाहायचे, किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरून डीटीपीए तपासणी करायची. त्याला काही तास लागतात, खर्च येतो आणि शिकलेली माणसे लागतात. रोजच्या दवाखान्यात हे शक्य नाही, म्हणून हा वेग अंदाजाने सांगणारी समीकरणे आली; रिपोर्टवरचा ईजीएफआर हा असाच अंदाज. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून उत्तर काढणारे सूत्र प्रसिद्ध केले. ते २४९ पुरुषांच्या नोंदींवर बेतलेले होते आणि स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचे असे ठरवले गेले. पुढे १९९९ मध्ये एमडीआरडी, २००९ मध्ये सीकेडी-ईपीआय आणि २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. या नव्या समीकरणांनी वजन काढून टाकले. २०२१ च्या आवृत्तीत तर क्रिएटिनिनखेरीज वय आणि लिंग तेवढे राहिले. वय वाढते तसे स्नायू घटतात आणि स्त्रियांचे स्नायू सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असतात, एवढेच शरीरज्ञान त्यांत उरले आहे.

याचा परिणाम एका उदाहरणातून स्पष्ट दिसतो. समजा, ७२ वर्षांची एक स्त्री आहे. उंची १४५ सेंटिमीटर, वजन ३८ किलो, क्रिएटिनिन ०.८. रिपोर्टवर या ०.८ समोर कोणतीही खूण नसते, कारण तो नेहमीच्या मर्यादेत बसतो. २०२१ चे समीकरण तिचा ईजीएफआर ७८ सांगते. वयाच्या मानाने उत्तम. पण हा ७८ आकडा १.७३ चौरस मीटर त्वचेच्या क्षेत्रफळामागे दिलेला असतो. हे १.७३ आले कुठून? १९२८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या आकाराच्या माणसांची तुलना करता यावी म्हणून त्या काळच्या पंचविशीतल्या अमेरिकन स्त्रीपुरुषांची सरासरी घेतली, ती तेव्हापासून चालत आली आहे. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीचे क्षेत्रफळ सुमारे १.२४ आहे. तेवढा हिशेब केला की तिच्या किडन्या मिनिटाला ७८ नव्हे, ५६ मिलिलिटर गाळत असल्याचे निघते. आणि वजन विचारात घेणारे १९७६ चे सूत्र वापरले तर उत्तर येते ३८. माणूस एक, रक्ताचा नमुना एक आणि उत्तरे ७८, ५६ व ३८. यांतले शेवटचे बरोबर आणि पहिले चूक, असे मी म्हणत नाही. जुने सूत्र वृद्ध आणि किरकोळ अंगाच्या माणसांत अनेकदा गरजेपेक्षा खाली जाते. मुद्दा असा की अंगावर मांस नसलेल्या माणसाच्या बाबतीत क्रिएटिनिनला एकट्याने या तिन्हींमध्ये निवाडा करता येत नाही, आणि रिपोर्ट मात्र एकच आकडा निःशंकपणे छापतो.

आता ही स्त्री अपवाद आहे की नाही, हा प्रश्न. इथे पुण्यात झालेल्या कामाकडे वळावे लागते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतील नवजात बाळांची मोजमापे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. खेड्यातल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५ किलो. पण ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. पोट आणि स्नायू यांच्या मापांत बाळे बरीच मागे होती, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारी, पण आतून मेदाळ अशी ही ठेवण जन्मापासूनच दिसली. मोठ्या वयातली हीच गोष्ट २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या एका छोट्या टिपणात फार परिणामकारकपणे मांडली गेली. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबी अर्थातच भारतीय शरीरात होती. हे संशोधन मधुमेहाचा धोका समजून घेण्यासाठी झाले आणि त्याच संदर्भात ते गाजले. पण चरबी जास्त याची दुसरी बाजू स्नायू कमी ही आहे, आणि स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिनचा नळ बारीक. मधुमेहाच्या तज्ज्ञांनी जे ओळखले ते किडनीच्या आकड्यालाही तितकेच लागू पडते. त्यात आपल्याकडच्या आहाराची भर. शिजवलेल्या मांसातून आयते क्रिएटिनिन पोटात जाते, आणि शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटीनचा साठाही कमी असतो. भात-आमटी किंवा भाकरी-भाजीवर राहणाऱ्या बारीक माणसाच्या रक्तात क्रिएटिनिन कमी असणे हे किडनी ठणठणीत असल्याचे लक्षण असेलच असे नाही.

हा नुसता तर्क नाही. चंडीगडच्या पीजीआयमधील संशोधकांनी इन्युलिन वापरून भारतीय माणसांचा गाळण्याचा वेग खरोखर मोजला आणि प्रचलित समीकरणांच्या उत्तरांशी ताडला, तेव्हा क्रिएटिनिनवर चालणारी समीकरणे तो वेग वाढवून सांगत असल्याचे दिसले. कराचीतही इन्युलिन वापरून असेच काम झाले आणि तिथल्या लोकांसाठी समीकरणात दुरुस्ती सुचवली गेली. जपानमध्ये तर अमेरिकन समीकरणाच्या उत्तराला ०.८ च्या आसपासच्या आकड्याने गुणून घ्यावे असे सुचवले गेले.

मग सरळ मार्ग असा दिसतो की आपणही एक भारतीय गुणक ठरवावा आणि प्रत्येक उत्तराला त्याने गुणावे. हा युक्तिवाद मोहक आहे, आणि तो पुरता चुकीचाही नाही, कारण सरासरी त्याने नक्की सुधारेल. पण अमेरिकेत या वाटेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. एमडीआरडी समीकरणात कृष्णवर्णीयांसाठी १.२१२ आणि २००९ च्या समीकरणात १.१५९ असा गुणक होता. त्यामागचे समर्थन हेच होते की त्यांचे क्रिएटिनिन सरासरीने जास्त असते आणि त्याचे कारण बहुधा जास्त स्नायू असावेत. म्हणजे स्नायू मोजायचे होते, ते मोजले नाहीत आणि त्यांच्या जागी कातडीचा रंग वापरला. परिणाम असा की कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा कागदावर वाढला, आणि किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागण्यासाठी जो उंबरठा खाली गाठावा लागतो तो त्याला उशिरा गाठता आला. २०२१ मध्ये तिथल्या किडनी संघटनांनी हा गुणक काढून टाकला. भारतीय गुणक हीच चूक उलट्या दिशेने करील. कोल्हापुरातल्या तालमीत घाम गाळणारा पैलवान, मेळघाटातली अशक्त आई आणि मुंबईत दिवसभर खुर्चीत बसणारा पन्नाशीचा कारकून या तिघांना एकच गुणक लावून कोणाचेच शरीर कळत नाही. माणसामाणसांतला फरक देशादेशांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. जे मोजायला हवे ते स्नायू आहेत, पत्ता नव्हे.

दुसरा आक्षेप वजनाचा. समीकरणात पुन्हा वजन आणले तर भागणार नाही का? भागणार नाही, कारण वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. चरबीतून क्रिएटिनिन जवळजवळ येतच नाही. १९७६ च्या सूत्रात लठ्ठ माणसाचे वजन घातले की ते त्या सगळ्या वजनाला स्नायू समजते आणि किडनीचे काम भलतेच वाढवून दाखवते. पाय सुजलेल्या किंवा पोटात पाणी झालेल्या माणसाचे वजन घातले तरी तेच. यकृताच्या सिऱ्हॉसिसमध्ये तर या सगळ्या चुका एकत्र येतात: यकृत क्रिएटीन कमी बनवते, हातापायांचे मांस झडते, पोटातल्या पाण्याने वजन वाढते. क्रिएटिनिन ०.९ असलेल्या अशा रुग्णाची किडनी बरीच निकामी झालेली असू शकते, आणि यकृताच्या तज्ज्ञांना हे जुने दुखणे माहीत आहे.

तिसरा आक्षेप अधिक भक्कम आहे आणि अनुभवी डॉक्टर तो हमखास घेतात. ते म्हणतात, एका आकड्यावर कोण विसंबतो? त्याच माणसाचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवा. स्नायू कितीही कमी असोत, ते तेवढेच राहिले तर क्रिएटिनिनमधला बदल किडनीचाच असणार. हे खरे आहे, आणि त्यातून एक मोलाची गोष्ट हाती लागते. बारीक अंगाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन ०.५ वरून १.० वर गेले तर दोन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मलच म्हणेल, पण मधल्या काळात तिच्या गाळण्याच्या शक्तीतला जवळपास अर्धा भाग गेलेला असतो. जुना कागद जपून ठेवण्याचे याहून चांगले कारण नाही. मात्र या युक्तिवादाची सगळी ताकद ‘स्नायू तेवढेच राहिले तर’ या अटीत आहे, आणि ज्यांना किडनीची काळजी सर्वांत जास्त हवी त्यांच्याच बाबतीत ही अट मोडते. अतिदक्षता विभागात तीन आठवडे पडून राहिलेल्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झडतात. क्रिएटिनिन उतरते, किडनी सुधारली असे वाटते आणि रुग्ण घरी जातो. सुधारणा काही अंशी खरी असते, काही अंशी ती मांडीवरचे मांस गेल्याची खूण असते. मधुमेह, क्षयरोग किंवा कर्करोगाने वर्षभरात दहा किलो उतरलेल्या माणसात किडनी खालावत असूनही क्रिएटिनिन जागचे हलत नाही, कारण नळ आणि मोरी दोन्ही एकाच वेळी आकसत असतात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनंतर चरबीबरोबर स्नायूही जातात. त्यानंतर सुधारलेला ईजीएफआर पाहून आनंद मानण्यापूर्वी हा हिशेब करावाच लागतो.

चुकीची दुसरी दिशाही आहे, पण ती मला कमी धोक्याची वाटते. व्यायामाने अंग कमावलेल्या २८ वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.५ आले तर समीकरण त्याला ६५ देते आणि घरात घबराट पसरते. तो क्रिएटीनची पावडर घेत असेल किंवा आदल्या रात्री मटणावर ताव मारून आला असेल तर आणखीच. अशा वेळी निष्कारण तपासण्या होतात, मनस्ताप होतो, पण खरी स्थिती लवकर बाहेर येते, कारण वाईट आकडा माणसाला पुढच्या तपासणीकडे ढकलतो. चांगला आकडा ढकलत नाही. खोट्या दिलाशाचा धोका इथेच आहे, आणि तो औषधाच्या मात्रेत सर्वांत आधी दिसतो. क्षयरोगाने हाडांचा सापळा झालेल्या रुग्णाला अमिकासिनसारखे किडनीवर जड जाणारे इंजेक्शन द्यायचे झाले, तर त्याचे ०.५ क्रिएटिनिन मात्रा पूर्ण द्या असे सुचवते. कर्करोगातले कार्बोप्लॅटिन हे औषध तर थेट गाळण्याच्या वेगावरून मोजून देतात. १९८९ मध्ये कॅल्व्हर्ट यांनी दिलेले त्याचे सूत्र प्रत्यक्ष मोजलेल्या वेगासाठी होते. पुढे मोजण्याच्या जागी अंदाज आला, आणि कमी क्रिएटिनिनमुळे मात्रा फुगण्याचा धोका दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हिशेबात १२५ च्या वर जाऊ नका अशी मर्यादा सुचवली. मेटफॉर्मिन, सांधेदुखीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी काही औषधे, ही द्यायची की नाही आणि किती, हे याच आकड्यावर ठरते.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग आज हाताशी आहे. सिस्टॅटिन सी हे छोटे प्रथिन केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीत बनते, फक्त स्नायूंत नाही. म्हणून अंगावर मांस किती आणि ताटात मटण किती यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याला पर्फेक्ट म्हणण्याची घाई मात्र करू नये. स्टेरॉइड घेणाऱ्यांत, थायरॉइडचे काम वाढलेल्यांत, धूम्रपान करणाऱ्यांत, शरीरात दाह असताना आणि लठ्ठपणात ते किडनीशी संबंध नसताना वाढते. म्हणजे क्रिएटिनिन स्नायूंमुळे फसते तर सिस्टॅटिन काही अंशी चरबीमुळे. पण दोघांची फसण्याची कारणे वेगळी आहेत, आणि नेमक्या याच कारणाने दोन्ही एकत्र घेणारे समीकरण एकेकट्यापेक्षा जास्त खरे ठरते. एकट्या क्रिएटिनिनवरचे समीकरण शंभरांतल्या सुमारे पंधरा जणांत खऱ्या वेगापासून तीस टक्क्यांहून जास्त भरकटते. दोन्ही एकत्र घेतल्यावर ही संख्या दहाच्या आसपास येते. किडनीविषयीच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वेही तपासणी उपलब्ध असेल तिथे आणि निर्णय महत्त्वाचा असेल तिथे हेच सुचवतात. दोन उत्तरांत मोठी तफावत निघाली तर तीसुद्धा माहितीच असते: क्रिएटिनिनचे उत्तर बरेच वर आणि सिस्टॅटिनचे बरेच खाली असेल, तर त्या माणसाचे स्नायू घटलेले असण्याची शक्यता मोठी.

खर्चाचा आक्षेप उरतोच. सिस्टॅटिन सीची तपासणी क्रिएटिनिनपेक्षा कितीतरी महाग आहे आणि तालुक्याच्या गावी ती सहज मिळत नाही. सगळ्यांची ती करा असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. मध्यम बांध्याच्या, बऱ्यापैकी खाणाऱ्या-चालणाऱ्या माणसात क्रिएटिनिन आपले काम चोख करते. प्रश्न टोकांवरच्या माणसांचा आहे: वृद्ध, कृश, अंथरुणाला खिळलेली, पाय कापावा लागलेली, पक्षाघाताने हातपाय वाळलेली, दीर्घ आजाराने झिजलेली. त्यांच्यासाठी सिस्टॅटिन नसेल तर दोन स्वस्त वाटा आहेत. एक, चोवीस तासांची लघवी. तिच्यातल्या क्रिएटिनिनवरून नळ किती सोडला आहे तेच कळते, म्हणून स्नायूंचा अंदाज बांधण्याची गरज राहत नाही. एखादी लघवी गोळा करायची राहून गेली की हिशेब चुकतो, ही तिची अडचण. दोन, लघवीतले अल्ब्युमिन. हे प्रथिन गाळणीच्या इजेमुळे झिरपते आणि मधुमेहात अनेकदा ईजीएफआर हलण्याच्या आधी दिसते. ते क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजतात, त्यामुळे स्नायू कमी असलेल्यांत हे प्रमाण थोडे वाढून दिसू शकते, तेवढे भान ठेवावे लागते.

घरात ज्यांचे वजन उतरत चालले आहे, ज्यांच्या दंडावरची कातडी सैल पडली आहे, अशा आई-वडिलांचा रिपोर्ट हाती आला तर नॉर्मल या शब्दावर थांबू नका. गेल्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट बरोबर न्या, वजन किती उतरले ते डॉक्टरांना आकड्यात सांगा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची व शक्य असेल तर सिस्टॅटिन सीची तपासणी करावी का, हे स्पष्टपणे विचारा.